बाकीची कुठं गेली

उद्यमबागेत, भट्टीच्या मागच्या खोलीत
वाळूचा वास शर्टाच्या शिवणीतसुद्धा बसतो.
काचेपलीकडे परशराम कंग्राळकर
एकेक पुली आकड्याला टांगतात,
छोट्या हातोडीनं टक् करतात,
आणि मान वाकडी करून ऐकतात.
घंटेसारखी वाजली तर उजवीकडे,
फुटक्या मडक्यासारखी वाजली तर डावीकडे.
पोट फोडून बघत नाहीत.
पुलीलाच विचारतात, पुलीच सांगते.

माझ्या वाट्याला आलेला जुना प्रोग्राम
कुणा दुंडाप्पानं लिहिलेला, पुण्याला जायच्या आधी.
लूपच्या पोटात लूप, त्याच्या पोटात तिसरा,
एक रिकामी यादी, तिच्यात भर, तिच्यातून काढ,
आणि मोजता मोजताच मूळ यादीतली ओळ पुसायची सवय.
एक पुसली की पुढची वर सरकायची
आणि न मोजताच सुटायची.
दर आठवड्याला दोन-चार पुल्या कमी.
मालक चोर शोधत होते.

तीन पाळ्यांचे तीन टॅब, कीबोर्ड ज्याचा त्याचा.
भरमा बिर्जे देवनागरीत वजन टाकतात,
ईरण्णा कन्नडमध्ये,
रात्रपाळीचा तौफिक इंग्रजीत, आणि किलोपुढे न चुकता टिंब.
लोखंडाला काही फरक पडत नाही. बेरजेला पडतो.
मी एक चिमुकलं फंक्शन लिहून मॅपच्या हाती दिलं:
प्रत्येक नोंदीपाशी जा,
जे लिहिलंय त्याचं वजन करून दे,
मूळ नोंदीला बोट लावू नकोस.
मग फिल्टर: पास आहेस का?
मग बेरीज.
सत्तर ओळींच्या जागी चार.
बेरीज मागितल्याशिवाय काहीच हलत नाही;
मागितली की एकेक पुली सगळे टप्पे ओलांडून जाते,
मधे कुठं ढीग साचत नाही.

परशरामांना बोलावून दाखवलं.
पास: तीनशे एकोणनव्वद.
हातोडी खिशात सारून ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
“बरोबर हाय गे, खरं बाकीची कुठं गेली?”
गाळली, म्हटलं.
“गाळून जात्यात कुठं? भट्टीला जात्यात.
उद्याच्या मालात त्यांचंच लोखंड असतंय.”

त्या संध्याकाळी फिल्टर खोडला.
एकाच फेरीत दोन याद्या, उजवी आणि डावी,
आणि डावीचे पुन्हा गट, कारणाप्रमाणे:
हवेचा फुगा. अडकलेली वाळू.
आणि कोल्ड शट, म्हणजे
रसाच्या दोन धारा साच्यात समोरासमोर आल्या
पण एकजीव व्हायच्या आत थंडावल्या.
हेच सगळ्यात जास्त होतं.

पाळीप्रमाणे गट केले तर रात्रपाळी वर आली
आणि ऑफिसात चहाबरोबर तौफिकचं नाव फिरायला लागलं.
तेवढ्यावर मी गप्प बसले असते.
त्याच यादीवर, एक शब्द बदलून,
लॅडलप्रमाणे गट केले.
तीन नंबरची लॅडल, अस्तर झिजलेली,
सकाळी, दुपारी, रात्री,
जिथं तिनं रस ओतला तिथं तेच.
रात्री जास्त, कारण रात्री दोन नंबर बंद असते.
यादीतली एकही पुली जागची हलली नव्हती.

मंगळवारी तीन नंबरला नवं अस्तर घातलं.
तौफिकला कुणी काही सांगितलं नाही, आधीही आणि नंतरही.
तो टिंब देतोच अजून.

परशरामांनी डावीकडची एक छोटी पुली
माझ्या कागदांवर ठेवून दिली, भट्टीची नजर चुकवून.
कंटाळा आला की पेनानं टक् करते.
बद्द वाजते.
यादीत मात्र तिची जागा आहे:
वजन सव्वा किलो, लॅडल तीन.